सॉल्ट लेकला पाव्हणा म्हणून जाताना

कोल्हापुरात फुटबॉल बघत मोठं झालेल्या पोराला एक गोष्ट कधी शिकायलाच मिळत नाही, ती म्हणजे कमी असणं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील असूदे, शिवाजी असूदे, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल कुठली बी टीम असूदे, ग्राउंड सगळ्यांचं एकच, त्यामुळं घरचा संघ आणि बाहेरचा संघ असला प्रकारच नाही, अर्धी गॅलरी त्यांची अर्धी आपली, आणि मॅच संपली की दोघं बी आपापल्या पेठेत चालत जातात. बाहेरच्या स्टेडियममध्ये असं नसतं. तिथं सगळं स्टेडियम त्यांचं असतं, बाहेरचा चहावाला त्यांचा, रिक्षावाला त्यांचा, आणि आपण एका कोपऱ्यात मूठभर. आपल्या पोरांकडं जोश भरपूर आहे पण ह्याची तयारी नसते, म्हणून एवढं लिहितोय.

आम्ही पाच जण इंडियन सुपर लीगमधल्या आमच्या मुंबई सिटी टीमच्या मागनं २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये आधी मडगावला गेलो, एफसी गोवाविरुद्ध सेमी फायनलची पहिली मॅच, आणि दहा दिवसांनी मोहन बागानविरुद्धच्या फायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला. दोन्हीकडं जे चुकलं आणि जे जमलं तेच सांगतो. टीम तुमची कुठली बी असूदे, गोष्टी त्याच.

पहिला सल्ला, एकदम मोठ्या स्टेडियमला जाऊ नका, आधी गोवा करा. फातोर्डा म्हणजे मडगावचं स्टेडियम, ते आपल्याला जवळ, आजरा-आंबोली करून सावंतवाडीवरनं उतरलं की गाडीनं निवांत सहा तास धरा, मराठी चालते, जेवण आपल्या तोंडाला लागतं, आणि अवे सपोर्टर, म्हणजे बाहेरच्या टीमचा माणूस, म्हणून वावरायची प्रॅक्टिस होते. एफसी गोवाचा रंग केशरी आहे हे लक्षात ठेवा, कारण आपल्या पोरांच्या बॅगेत एक तरी भगवा टी-शर्ट असतोच आणि तो घालून तुम्ही मुंबईच्या आकाशी जर्सीवाल्या गॅलरीत शिरायला गेलात तर आत सोडताना विचारपूस होणार, आमच्यातल्या एकाची झाली. मॅच साडेसातला असली की संपायला साडेनऊ-पावणेदहा होतात, त्यानंतर रात्रीचा आंबोली घाट चढायचा नाही. धुकं, वळणं, आणि दिवसभराचा दमलेला ड्रायव्हर. मडगावात स्वस्तातली खोली घ्या आणि सकाळी निघा. येताना गाडीत बाटल्या बी भरू नका, बिनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि चेकपोस्टवर गाडी तपासतात, एकामुळं सगळे अडकतात.

आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जागा सोडू नका. २४ एप्रिलच्या त्या मॅचला ९० मिनिटं होत आली तरी आम्ही २-० नं मागं होतो. आमच्या पुढच्या रांगेतली दोघं पार्किंगमधून गाडी लवकर निघावी म्हणून उठून गेली. मग ९० व्या मिनिटाला आमच्या छांगटेचा गोल, लगेच इंज्युरी टाइमच्या पहिल्या मिनिटाला विक्रम प्रताप, आणि सहाव्या मिनिटाला परत छांगटे, ३-२. ती दोघं जिन्यावर असणार तेव्हा. इतक्या लांबनं आलाय तर दहा मिनिटं पार्किंगसाठी देऊ नका.

आता कोलकाता. सॉल्ट लेक म्हणजे विवेकानंद युवा भारती क्रीडांगण, १९८४ ला सुरू झालेलं, तीन मजली गॅलरी, आधी लाखाच्या वर लोक बसायचे, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपच्या वेळी खुर्च्या टाकल्या आणि ६८ हजारांच्या आसपास आलं. त्या वर्ल्ड कपची फायनल तिथंच झाली, इंग्लंडनं स्पेनला ५-२ हरवलं, आणि त्याच वर्ल्ड कपच्या भारताच्या टीममध्ये आपला अनिकेत जाधव होता, म्हणून मला त्या स्टेडियमची आधीपासून लई ओढ होती. पण ओढ वेगळी आणि आत शिरणं वेगळं.

तिकिटाचं आधी. अवे सपोर्टरनं होम गॅलरीचं तिकीट काढू नये, स्वस्त आहे म्हणून तर अजिबात नाही. तुमच्या टीमच्या सपोर्टर ग्रुपला आधी मेसेज टाका, मुंबई सिटीची वेस्ट कोस्ट ब्रिगेड आहे तशी बहुतेक टीमांची असते, अवे स्टँडला कुठला ब्लॉक दिलाय, गेट कुठलं, किती वाजता सगळे एकत्र आत जाणार हे त्यांना कळलेलं असतं आणि एकट्या-दुकट्यानं जाण्यापेक्षा त्यांच्यात मिसळून जाणं कधी बी चांगलं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच पायजे. अवे ब्लॉक भरला आणि होमचंच तिकीट मिळालं तर जावा, पण मग जर्सी नाही, घोषणा नाही, गोल झाला तर उठायचं नाही, हे जमणार असेल तरच जावा. मला स्वतःला जमणार नाही, म्हणून मी तसं कधी गेलो नाही.

प्रवासाचं गणित असं आहे की नॉकआउटच्या मॅचा आयत्या वेळी ठरतात. आमची फायनल २९ एप्रिलला पक्की झाली आणि मॅच ४ मे, म्हणजे मधे चार दिवस. कोल्हापुरातनं पुण्याला एसटी, पुण्यातनं संध्याकाळची आझाद हिंद एक्स्प्रेस, दोन रात्री गाडीत आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हावडा. आम्ही २ मेला निघालो आणि ४ ला पहाटे उतरलो. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला, आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं अकाउंट लागतं, ते घरी बसून आधीच करून ठेवा, दहाला दहा मिनिटं कमी असताना ओटीपी शोधत बसू नका. लीगची मॅच असेल तर वेळापत्रक आधी येतं, मग ६० दिवस आधी रिझर्व्हेशन उघडल्याबरोबर काढा. आणि पुण्याला पोचायला हायवेवर दोन तास जास्तीचे धरा, रस्त्याच्या कामांमुळं किती वेळ जाईल सांगता येत नाही, आमची गाडी सुटायला अर्धा तास राहिला होता तेव्हा आम्ही स्वारगेटला उतरलो आणि तिथनं पुढं जे पळालो ते आयुष्यभर लक्षात राहील. परतीचं तिकीट मॅचच्या रात्रीचं काढू नका, मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली की सगळं कोलमडतं. दुसऱ्या दिवशीच्या रात्रीचं काढा.

मुक्काम सियालदहच्या आसपास केलेला बरा. मेट्रोची ग्रीन लाइन सियालदहवरनं सरळ स्टेडियमला जाते, स्टेशनचं नावच सॉल्ट लेक स्टेडियम. आम्ही गेलो तेव्हा मधला एस्प्लनेड ते सियालदह तुकडा जोडलेला नव्हता, हावड्यातनं नदीखालच्या बोगद्यातनं एस्प्लनेडला आलो आणि तिथनं पुढं टॅक्सी करायला लागली. २२ ऑगस्ट २०२५ ला तो तुकडा सुरू झाला, आता हावड्याला उतरलं की त्याच मेट्रोत बसून स्टेडियमपर्यंत जाता येतं. रात्रीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते जातानाच स्टेशनवर विचारून घ्या, मोठ्या मॅचला कधी जादा गाड्या सोडतात, पण ते गृहीत धरू नका.

कपड्यांचं कोलकात्यात जास्तच जपायला लागतं. मोहन बागान म्हणजे मरून आणि हिरवा, ईस्ट बंगाल म्हणजे लाल आणि पिवळा, आणि हे त्या शहरात नुसते रंग नाहीत, कोण कुठनं आलं, घरात कोळंबी शिजते का हिलसा मासा, इथपर्यंत ते जातं. मोहन बागानच्या मॅचला तुम्ही सहज म्हणून लाल-पिवळा शर्ट घातला तर तुम्ही मुंबईचे सपोर्टर राहत नाही, त्यांच्या शंभर वर्षांच्या वैऱ्याचे होता. आपल्याकडं मंगळवार पेठ-शिवाजी पेठ मॅचला कोण कुठल्या बाजूनं चालत येतोय हे बघूनच कळतं ना, तसंच. राखाडी, पांढरा, काळा असला साधा टी-शर्ट घाला, जर्सी बॅगेत किंवा आतनं, आणि आपल्या ब्लॉकमध्ये बसल्यावरच ती दिसूदे. हे घाबरून नाही, दुसऱ्याच्या गल्लीतनं जाताना आपण हॉर्न वाजवत जात नाही एवढंच.

गेटवर काय चालत नाही ते जवळजवळ सगळीकडं सारखंच. पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, सिगारेट, तंबाखू-मावा-गुटखा, हेल्मेट, मोठी बॅग, काठीचा झेंडा, फटाके, काही ठिकाणी सुट्टी नाणी सुद्धा. आमच्यातल्या एकाचा नवा पॉवर बँक गेटवर काढून घेतला आणि परत आला तेव्हा तिथं काय नव्हतं. खिशात फोन, ओळखपत्र, थोड्या नोटा, बास. हलगीचं मात्र, मन मोडून सांगतो, विचारल्याशिवाय नेऊ नका. आम्ही कोल्हापुरातनं दोन रात्री मांडीवर सांभाळत हलगी नेली आणि सपोर्टर ग्रुपवाल्यांनी सांगितलं की वाद्यं आणि मोठे बॅनर यांची परवानगी क्लबमार्फत आधी काढायला लागते, आता काय होणार नाही, ती लॉजवर ठेवून जायला लागलं. परवानगी काढायला एक मेल पुरतो, पण तो आठवडाभर आधी जायला पायजे.

गेट उघडल्या उघडल्या आत जावा, मॅचच्या निदान दोन तास आधी. ह्याला कारण आहे आणि ते मी जरा गंभीरपणे सांगतो. १६ ऑगस्ट १९८० ला ह्याच शहरात, ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचला गॅलरीत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. मॅच बघायला घरनं निघालेली माणसं. कोलकात्यात अजून त्या दिवशी त्यांची आठवण काढतात. गर्दी कुणाच्या मनानं चालत नाही, मागनं रेटा आला की पुढच्याला थांबता येत नाही. म्हणून गेटवर लांब रांग बघून मधनं घुसू नका, रॅम्पवर आणि जिन्यावर पळू नका, चप्पल किंवा फोन पडला तर वाकू नका, रेटा आला तर दोन्ही हात छातीपुढं धरून श्वासाला जागा ठेवा आणि गर्दीच्या आडवं न जाता तिरकं कडेला सरका. आत बसल्यावर पहिल्यांदा बाहेर जायचे दोन रस्ते बघून ठेवा, एक बंद झाला तर दुसरा. हे आपल्या शाहू स्टेडियमलाबी करा खरं तर.

ग्राउंडभोवती अॅथलेटिक्सचा ट्रॅक आहे त्यामुळं मैदान लांब पडतं, वरच्या मजल्यावरनं जर्सीचे नंबर नीट दिसत नाहीत. टीव्हीवर बघायची सवय असली की पहिली पंधरा मिनिटं काय कळत नाही. पण वरनं टीमची ठेवण जी दिसते ती टीव्हीत कधी दिसत नाही, डिफेन्सची रेघ कशी वर-खाली होते, विंगर बॉल नसताना कुठं उभा राहतो. तेवढ्यासाठी तरी एकदा वर बसाच.

आता ओरडायचं कसं. ६० हजार माणसांपुढं पन्नास जणांनी सतत ओरडून काय बी ऐकू जात नाही, नुसता घसा जातो, आमचा पहिल्या वीस मिनिटांत गेला. हलगीवाला जसं समोरच्याचा ठेका तुटला की आपला उचलतो तसं करायचं. त्यांची घोषणा ओसरली, बॉल बाहेर गेला, खेळाडू पडला, रेफरी काय तरी बोलतोय, त्या शांततेत सगळ्यांनी एकदम. तेवढं खाली खेळाडूंपर्यंत पोचतं. एकानं सुरुवात करायची, बाकीच्यांनी त्याच्याकडं बघायचं. मराठीत ओरडा, बिनधास्त, तिकडच्या लोकांना आवडतं, शेजारच्या ब्लॉकमधली दोन पोरं आमच्याकडनं अर्थ विचारून गेली. पण आईबहिणीवरनं काय नको, आणि त्यांच्या भाषेवरनं, खाण्यावरनं, गरिबीवरनं एक शब्द नको. एकानं असलं बोललं की पुढचे सहा तास बाकीच्यांना भोगायला लागतं, आणि तसं नसतं तरी बोलू नये.

बायका-मुली बरोबर असतील तर अवश्य न्या, मडगावला माझी आत्तेबहीण होती. त्यांची तपासणीची रांग वेगळी असते, त्यामुळं आत कुठं भेटायचं हे गेटबाहेरच ठरवा, आणि जागा मधल्या रस्त्याच्या कडेची घ्या.

त्या फायनलला ६२ हजारांवर लोक होते. ४४ व्या मिनिटाला कमिंग्जनं मोहन बागानचा गोल मारला तेव्हा जो आवाज झाला तो कानानं ऐकला असं मी म्हणणार नाही, खालच्या सिमेंटमधनं पायात आला. अशा वेळी मागं वळून बघू नका, उत्तर देऊ नका, खाली बसा, पाणी प्या. हाफटाइमला आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा रडायला लागला होता. मग ५३ ला परेरा डियाझ, ८१ ला बिपिन सिंग, आणि अगदी शेवटी व्होइतुस, ३-१. मला वाटायचं हरणं अवघड असतं, पण खरं सांगायचं तर परक्याच्या घरात जिंकल्यावर सांभाळणं जास्त अवघड. नाचा, एकमेकांच्या गळ्यात पडा, खेळाडू खाली येतात त्यांच्याकडं बघून हात करा, पण तोंड आपल्या टीमकडं ठेवा, होम गॅलरीकडं करून हातवारे नकोत. ती माणसं त्याच मोसमात १५ एप्रिलला ह्याच ग्राउंडवर आपल्याला २-१ नं हरवून लीग शिल्ड, म्हणजे लीगमध्ये पहिलं येण्याचं बक्षीस, घेऊन गेली होती, आज कपासाठी आली होती, त्यांचं बी तेवढंच दुखत असतं.

मॅच संपल्यावर अवे ब्लॉकला बहुतेक वेळा थांबवून ठेवतात, होमची गर्दी पांगेपर्यंत, कधी अर्धा तास कधी जास्त. पोलिसांशी हुज्जत घालू नका, ते आपल्यासाठीच असतं. तेवढ्यात जर्सी बदला, फोनची बॅटरी बघा, डोकी मोजा. मडगावला आमचा एक जण गर्दीत सुटला, फोन बंद, आणि तो बसस्टँडवर तासाभरानं सापडला कारण त्याला दुसरं काय सुचलंच नाही. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी करतो, प्रत्येकाच्या खिशात कागदावर दोघांचे नंबर आणि लॉजचा पत्ता, आणि सुटला तर कुठं थांबायचं ती एकच जागा, जाताना सगळ्यांनी मिळून डोळ्यांनी बघितलेली. कोलकात्यात आम्ही मेट्रो स्टेशनच्या बाहेरची एक टपरी धरली होती. स्टेशनवर लगेच घुसू नका, पहिली लाट जाऊदे. नाहीतर ईएम बायपास ह्या मोठ्या रस्त्याच्या कडेनं थोडं पुढं चालत जाऊन टॅक्सी बघा, गेटपाशी कोण थांबत नाही.

खायचं म्हणाल तर अंड्याचा रोल रात्री उशिरापर्यंत मिळतो, शाकाहारी असाल तर सकाळी लुची आणि आलू दम, आणि मिष्टी दोई मातीच्या भांड्यातली. तिखट मात्र आपल्यासारखं नाही. शेंगदाण्याची चटणी न्या, गाडीत दोन दिवस लई उपयोगी पडते. आणि मे महिना असेल तर घामानं इतकं पाणी जातं की आत बाटली नेता येत नाही म्हणून प्यायचंच नाही असं करू नका, मीठ-साखरेची पुडी खिशात असूदे, आत पाणी विकत मिळतं.

भाषेची काळजी करू नका, "दादा" म्हणून हाक मारली की दोन्हीकडं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजखाली चहा पिताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं कुठनं आला, आम्ही कोल्हापूर म्हटलं, त्यांना माहीत नव्हतं. मग आम्ही सांगितलं की आमच्याकडं तालमी आहेत, कुस्तीच्या, आणि त्याच तालमींच्या फुटबॉल टीमा आहेत, पेठांच्या मॅचा होतात. ते हातातला पेला खाली ठेवून ऐकत होते. कालच्या मॅचचं त्यांनी पहिल्यांदा नाव काढलं ते आम्ही निघताना, म्हणाले बिपिनचा गोल चांगला होता. चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. वर जाऊन हलगी आणली आणि त्यांना वाजवून दाखवली, सकाळचे साडेनऊ वाजले असतील.

जर्सी आम्ही पुन्हा परतीच्या गाडीतच घातली, सकाळी बिलासपूरच्या आसपास.